पाठ टेकायची नाही

रोज तासभर दुसऱ्याची मान काखेत धरून लोळलं की माणूस कळायला वेळ लागत नाही. किस्से तर घामाबरोबरच निघतात. आमचा जु-जित्सूचा, म्हणजे जपानी कुस्तीचा, क्लास शिरूरला एका गोडाऊनच्या माडीवर भरायचा. मोबाईल तेव्हा मिस्ड कॉल देण्यापुरतेच होते. सर पुण्यात शिकून आलेले, रांजणगावला कंपनीत शिफ्ट करायचे. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान खालीच, म्हणून मी वर गेलो. दुसरं काही कारण नाही.

* * *

पहिला आठवडा सरांनी नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, हात मॅटवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. याला म्हणे ब्रेकफॉल. तळेगाव ढमढेऱ्याचा एक भाजीवाला यायचा, तो तिसऱ्या दिवशी वैतागला.

"सर, पडायला येतंय आमाला. समोरच्याला पाडायचं कसं त्ये सांगा."

"समोरचाही तीन दिवस हेच शिकलाय," सर म्हणाले.

* * *

अंगात घालायचा जाड कोट, म्हणजे गी, पुण्याहून आणायचा तर महाग. मग सलीमभाई टेलरकडून शिवून घेतले. कापड मंडपाचं, शिलाई पक्की, आणि प्रत्येकाला दोन-दोन खिसे. पहिल्याच दिवशी एकाचं बोट दुसऱ्याच्या खिशात अडकून मुरगळलं.

सर तक्रार घेऊन गेले. सलीमभाईंनी मशीन थांबवलंसुद्धा नाही. "सर, बिनखिशाचा कोट शिवला तर गिऱ्हाईक म्हनतं, सलीमनं कापड चोरलं."

* * *

बँकेचे मॅनेजर आणि त्यांचाच क्लार्क, दोघं क्लासला. सरांनी नेमकी तीच जोडी लावली. गळा आवळायचा, समोरच्याला सहन होईना की त्यानं हातानं थापटायचं, म्हणजे टॅप. टॅप झाला की लगेच सोडायचं.

क्लार्क मागून गळ्यात हात घालून बसला. "साहेब, आवळू का?"

"आवळा की."

"मान जरा वर घेता का, साहेब? सॉरी हं, साहेब. लागतंय का, साहेब?"

मॅनेजरांनी तेवढ्यावरच टॅप केला. सरांना म्हणाले, "मला दुसरा पार्टनर द्या. ह्याचा हात सहन होतो, तोंड होत नाही."

* * *

मांडवगण फराट्याचा बाळू आमच्यातला खरा पैलवान. वडील, आप्पा, गावच्या तालमीचे वस्ताद; तालमीतला सांजदिवा रोज तेच लावायचे. आप्पांमागं तालीम आपण चालवायची, एवढं एकच बाळूच्या डोक्यात. आणि आप्पांनी बजावलेलं, "तिकडं काय बी शिक. पन पाठ टेकली, तर तालमीची पायरी चढायची न्हाई."

आता जु-जित्सूत गार्ड म्हणतात ते पाठीवर पडूनच. खाली पडायचं, वरच्याला पायात धरायचं, तिथून डाव टाकायचा. बाळू पडला की लगेच पालथा व्हायचा. मग पाठीवर बसून कुणीही त्याचा गळा आवळावा. मीसुद्धा आवळलाय, यावरून समजा.

"अरे, गळा जातोय तुझा," सर म्हणायचे.

"जाऊंद्या सर. पाठ न्हाई जायची."

शेवटी सरांनी त्याला घरी करायला एक व्यायाम दिला. पाठीवर पडून कंबर उचलायची आणि बाजूला सरकायचं. आप्पा रानात गेले की हा माजघरात सुरू. चौथ्या दिवशी आईनं बघितलं आणि ओव्याचं पाणी घेऊन आली. पोट दुखतंय असं सांगून बाळू ते गुमान प्याला. खरं सांगायची सोय नव्हती.

* * *

मग दौंडला एका मंगल कार्यालयात स्पर्धा झाली. बाळूची लढत लागली आणि दारात जीप थांबली. आप्पा, मागं तालमीची सगळी पोरं. बाळूचा चेहरा उतरला. मलाही त्याचं फार वाईट वाटलं.

समोरचा पुण्याचा, अंगानं दुप्पट. बाळू उभ्यानं रेटत राहिला, पण जमेना. वेळ संपत आली. त्यानं एकदा आप्पांकडं बघितलं आणि आपण होऊन पाठीवर पडला.

तालमीच्या पोरांनी माना खाली घातल्या. पुण्याचा वर आला. बाळूनं त्याचा हात दोन्ही हातांनी छातीशी धरला, एक पाय मानेवर टाकला आणि कंबर उचलली. हात कोपरात ताणला गेला. पुण्याच्यानं टॅप केला.

पंचांनी बाळूचा हात वर केला. टाळ्या आम्हीच वाजवल्या. आप्पा उठले, चपला काढल्या, मॅटवर आले. बाळू मान खाली घालून उभा. आप्पांनी त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि हातानं त्याची पाठ झटकायला लागले. मॅटवर मातीचा कण नव्हता. तरी ते बराच वेळ झटकत होते.

मग म्हणाले, "चल, बस जीपमंदी. तालमीत दिवा लावायचा राहिलाय. आज तू लाव."