बॅलेचे बूट आणि भिवापूरची मिरची

नागपूरला उतरलो तेव्हा सकाळच होती, पण ऊन भर दुपारचं. एप्रिलात कुणी नागपूरला जातं का, म्हणून पुण्यात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी प्रणाली बॅले नाचते आणि तिचा कार्यक्रम पहिल्यांदाच नागपुरात होता. तिला सोबत हवी होती. मला निवृत्तीनंतर कसलंही निमित्त चालतं.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आधी भिवापूरहून तिच्या मावशीला आणायचं होतं. उमरेड मागे पडलं तशी प्रणालीची मराठी बदलली आणि ती बोलती झाली. बाप खापरखेड्याला मजुरीवर. आई गेल्यावर तो दारूला लागला आणि पोर मेहुणीकडे सोडून मोकळा झाला. मावशी सातऱ्यावर (मिरचीचे देठ खुडायचं आवार) कामाला, शाळा सुटली की प्रणालीही तिथेच. पुढे ती नागपूरच्या वसतिगृहात आली. शेजारच्या हॉलात बॅलेचा वर्ग भरायचा. फी परवडणारी नव्हती, म्हणून ती हॉल झाडून द्यायची आणि शिकायची.

"लोक म्हणत, पोट्टी (मुलगी) नाचवते. मावशीनं कोणाचं ऐकलं नाही. पण काकू, मले नाचताना तिनं एकदाही पाहिलं नाही. उद्या तिनं पाह्यलं पाहिजे, बस."

मावशी निघाली चणीने लहान आणि तोंडाने तिखट. "या बाई, पुण्याच्या लोकाइले तिखट चालते काय?" म्हणत तिने गोळाभात (डाळीचे गोळे घालून केलेला भात) वाढला, वरून फोडणीचं लालभडक तेल. फुशारकीने मी दोनदा घेतला. मग माठापासून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले, तर दोरीवर प्रणालीचे गुलाबी बूट टपटप गळत होते. या बुटांचं टोक कापडाचे थर खळीने चिकटवून कडक केलेलं असतं. त्याच्यावरच ती अख्खी उभी राहते. ते टोक आता भिजल्या पावासारखं दबत होतं. दुसरी जोडी नव्हती.

"मावशी, काहून धुतले वं?"

"काल सातऱ्यावरून आली, अन् तशीच तुही पिशवी उचलली. मिरचीचा हात लागला बुटाले. पायाले आग होईल तुह्या. लहानपणी किती रडत होती तू!" बोलता बोलता मावशीचा चेहरा उतरला. "खराब झाले काय?"

प्रणालीने क्षणभर डोळे मिटले. मग हसली. "नाही. होते दुरुस्त."

तिने मला बाजारात पिटाळलं, फर्निचरला लावतात ते लाखेचं पॉलिश आणायला. म्हणे, मऊ पडलेल्या बुटाला नाचणारे हेच पाजतात. बूट थोडे सुकल्यावर तिने टोकाच्या आतून पॉलिश ओतलं आणि दोन्ही बूट टिनाच्या छपरावर ठेवले. कालपासून ज्या उन्हाला मी शिव्या घालत होते, त्याला त्या दिवशी हात जोडले. मावशी काही जेवली नाही. दुपारी प्रणालीने बूट उंबऱ्यावर आपटले. टकटक वाजले. माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी नागपूरच्या सभागृहात मी मावशीशेजारी बसले होते. प्रणाली टोकावर उभी राहिली, गिरकी घेतली आणि मावशीने माझं मनगट जे धरलं, ते पडदा पडेपर्यंत सोडलं नाही. बूट टिकले. मला मेलीला रडूच आवरेना.

नंतर पडद्यामागे गेलो. प्रणाली पायाच्या बोटांवरच्या पट्ट्या सोडत होती. आत रक्त होतं.

"दुखते काय वं?" मावशीने विचारलं.

"दुखते."

"मंग काहून करते?"

"आवडते मले."

मावशीने सुटलेली पट्टी हातात घेऊन गुंडाळली. मग म्हणाली, "मले कधी कोणी इचारलंच नाही, काम आवडते काय म्हणून. तुले आवडते, बरं झालं."

परतीच्या गाडीत तेच वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. तीस वर्षं मी बँकेत काढली. मलाही कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला नाही. वर्धा यायच्या आत प्रणालीला झोप लागली, पाय समोर माझ्याच बाकावर पसरून. तिकीट तपासनीस आला आणि म्हणाला, "पाय खाली घ्यायला सांगा त्यांना."

"राहू द्या हो," मी म्हटलं. "कामावरून आलेत ते."