छावणीतली खाकी वर्दी

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि अर्जांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, केजकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. दुष्काळात ऊसच नव्हता, म्हणून बॉयलर पेटला नाही. कारखान्यानं आवारात जनावरांची छावणी उघडली. साहेबांनी आबांना तोंडीच सांगितलं, तोवर छावणी सांभाळा. आबा चारा वाटायलाही रोज कारखान्याची खाकी वर्दी घालून जायचे. ड्यूटी ती ड्यूटी, असं त्यांचं म्हणणं.

"म्हशीला सलाम ठोकायला चाललात का?" वर्दी धुताना आई म्हणायची. "शेणाचे डाग निघंनात माझ्याच्यानं."

"म्हशी तरी वळखतेत मला," आबा म्हणायचे.

पुढं पाऊस झाला, ऊस आला, बॉयलर पेटला, आणि आबांच्या हातात कामावरून काढल्याची चिठ्ठी पडली. कारण, दुष्काळाचा अख्खा हंगाम न सांगता गैरहजर. बॉयलर बंद असला तरी त्याचा हजेरीपट चालू होता, त्यावर त्यांची सही नव्हती आणि छावणीच्या कामाचं लेखी काहीच नव्हतं. आबांनी कामगार न्यायालयात दावा लावला. त्यांना एवढंच हवं होतं, आपला बॉयलर परत.

पुरावा सुचला तो आईला. छावणीत जनावरांचे रोज तारखेसह फोटो निघत आणि तहसीलला जात. एका म्हातारीची म्हैस कॅमेरा दिसला की उधळायची. आबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला तरच ती उभी राहायची, म्हणून तिच्या रोजच्या फोटोत आबाही यायचे. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिला, तरी शेवटी सवयीनं 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं लिहून बसलो. तहसीलमधले कारकून हसले, पण फोटो मिळाले.

कारखान्याच्या वकिलांनी कोर्टात तो गठ्ठा चाळला.

"हे तर म्हशीचे फोटो आहेत."

"मागं मी हाय, साहेब."

"स्वतःचं जनावर घेऊन गेला असाल."

"सोताच्या म्हशीपशी वर्दी घालून कशाला जाईन, साहेब? आमच्या घरी तर शेळीबी न्हाई."

न्यायाधीशांनी फोटो मागून घेतले. सुरुवातीला म्हैस बरगड्या दिसणारी, पुढं पुढं अंगानं भरलेली. आबा मात्र प्रत्येक फोटोत तसेच, तीच वर्दी, केस पाण्यानं चापून बसवलेले. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. ते हसत होते असं मला वाटलं, पण खात्रीनं सांगता येणार नाही.

निकालाच्या दिवशी बीडला माझा पेपर होता. संध्याकाळी हॉस्टेलवर आईचा फोन आला. ती आधी पेपर कसा गेला तेच विचारत बसली.

"आई, आबांचं काय झालं?"

"घ्यायला लावलं परत. सोमवारपासून बॉयलरवर," ती म्हणाली. "आज बुधवार हाय, अन् हे आत्ताच वर्दी घालून बसलेत."