सोनगीरवरून बोलणारी बाई

चौथीनंतर पाटी सुटली, त्यामुळे माझं किरटं अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माफ करा. वही कुणाला दाखवायची नाही, तरी लाज वाटते.

धुळ्याला घराच्या ओट्यावर आमच्या यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. उघडलेल्या सेटमधली धूळ मी ब्रशनं झाडून द्यायची. एकदा कापडवाल्या शेठजींचा नवा एफएम झाडताना आतलं तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं ब्रशात अडकून ताणलं गेलं. लावून पाहिला तर गाणी गायब. खरखरीतून एक बाई मराठीत बोलली, "सोनगीरच्या वर आहोत. बाहेर उणे तीस अंश. आकडे लिहून घ्या."

सोनगीर तर आमच्या धुळ्याजवळच. हे म्हणाले, ढग तपासणारं विमान आलंय, पेपरात होतं. त्यातली माणसं खालच्यांशी बोलतात. बाई, आणि तेवढ्या उंचावर!

मधेच ती म्हणाली, "नाकातून रक्त येतंय. थांबत नाही." पुढे दोन आकडे सांगितले आणि आवाज बंद.

वेटोळं दाबून पुन्हा गाणी आणायला यांनी पेचकस उचलला. मी त्यांचा हात धरला. लग्नाच्या बारा वर्षांत असा कधी धरला नव्हता.

"तुले याड लागनं का? सांजले शेठ येई."

"दाबू नका. ती कशी शे, कळू द्या."

"शेठले काय सांगू? इमानमधली बाईनं नाक फुटनं म्हनीसन?"

शेठजी आले तेव्हा दाराआडून मीच बोलले, "हा रेडिओ मला द्या. पैसे हळूहळू फेडते."

"भाभी, इतकी वर्षं पाणी दिलं, शब्द नाही बोलल्या. आज बिघडलेल्या मालाचा सौदा?" शेठजी हसले. तीनशेला दिला.

दुसऱ्या दिवशी नुसते पुरुषांचे इंग्रजी आवाज. मी रेडिओ बंद केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी थापत होते. "ऐकू येतंय ना? उणे अठ्ठावीस. मी ठीक आहे आता." पिठाच्या हातांनी तशीच बसून राहिले. तव्यावरची भाकरी जळाली.

पाऊस सरला तसं विमान गेलं. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, करून विकले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी शेवटचे चाळीस रुपये शेठजींच्या हातात दिले. तीनशे पूर्ण फिटले.