दुसरी सही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका मोबाईलला वचकून असणारा माणूस अख्ख्या वारज्यात शोधून सापडायचा नाही. सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कोठारात गेलेली. तिथे एकट्याने पेटी उघडायची नाही, हा दंडक. निवृत्तीनंतर मुलाने कॉम्प्युटर आणि मोबाईल घेऊन दिला, तर काकांनी तिथेही तोच दंडक लावला! दर रविवारी सकाळी वायर जोडून दोन्हींतला मजकूर सारखा करायचा. त्याला ते ‘मेळ’ म्हणत आणि साक्षीदार म्हणून मला बोलावत. दार बंद, पंखा बंद. एकदा मी शिंकलो, तर म्हणाले, "आपण शिंकायला आला आहात की बघायला?" शेवटी वहीत दोघांच्या सह्या. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर जुनी खरी, नवी खोटी. कॉम्प्युटर आधी घेतलेला, म्हणून कायम तोच खरा.

काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "स्फोट झाला की सांगा हो, चहा टाकते!" पुढे त्यांचा हात थरथरू लागला. चिठ्ठी लिहिता येईना, म्हणून त्या निरोप काकांच्या मोबाईलमध्ये बोलून ठेवू लागल्या. त्या गेल्या तेव्हा असे पुष्कळ निरोप मागे राहिले.

त्यानंतर महिन्याभरात कॉम्प्युटर बिघडला आणि आतली डिस्क बदलून, रिकामा होऊन परत आला. रविवारी काकांनी वायर जोडली. पडद्यावर प्रश्न उमटला : दोन्हीकडचं जुळत नाही, कुठलं ठेवायचं? काकांचा हात सवयीने कॉम्प्युटरच्या खुणेकडे निघाला.

"काका, थांबा! तो कोरा आहे. काकूंचे निरोप पुसले जातील!"

"नियम म्हणजे नियम. जुनी नोंद..."

मी खस्सकन वायर उपटली. काका पांढरेफटक पडले. मग त्यांनी मोबाईल उचलला आणि एक निरोप लावला.

"अहो, ती वायर सोडा आता. चहा गार होतोय."

"आलो," काका म्हणाले आणि बसूनच राहिले. मला तर रडूच आलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी वही ओढून लिहिलं, ‘मेळ नाही. नवी नोंद खरी.’ खाली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"करा सही. आणि पंखा लावा हो, उकडतंय."

थंडीचे दिवस होते. मी सही केली आणि पंखा लावला.