चवीची वही

माझ्या हातची खिचडी बाईंनी कुत्र्याला घातली. वाटी तिरपी केली, चमचा दोनदा आपटला आणि नळाखाली हात धुतले. साबण लावून. खिचडीला बोटसुद्धा लागलं नव्हतं, तरी.

मी शाळेच्या मागच्या भिंतीशी भाजीची सालं टाकायला गेले होते. त्यांनी मला बघितलं नाही. मी सगळं बघितलं.

सुरतेकडे कडोदऱ्याजवळच्या एका सरकारी शाळेत मी मुलांचं दुपारचं जेवण बनवते. नवरा लूमवर कापड विणतो. आम्ही खानदेशातले, इथे येऊन चौदा वर्षं झाली. शाळेत नियम आहे, मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं जेवण चाखायचं आणि चवीच्या वहीत लिहून सही करायची. ते काम बाईंकडे, त्या पण मूळच्या मराठी. सगळे त्यांना 'बेन' म्हणतात. मी एकटी 'बाई' म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "अगं, तू तर आपल्यातली!"

त्या एका शब्दावर मी दोन वर्षं राबले. टोप उतरला की पहिली वाटी बाईंची. वरून कोथिंबीर. पोरीच्या पुस्तकावरून मी गुजराती अक्षरं लावायला शिकले, आणि पहिलं वाक्य वाचलं ते बाईंचंच, त्या वहीतलं. 'स्वाद सारो छे.' चव चांगली आहे. घरी येऊन सासूला सांगितलं. ती हसली. "आते मास्तरीण व्हयनी तू!"

कुत्र्यानं वाटीतली खिचडी चाटूनपुसून खाल्ली त्या दिवशी मी ती वही उघडली. शनिवारपर्यंत लिहून ठेवलं होतं. स्वाद सारो छे, सही. स्वाद सारो छे, सही. आणि वार होता बुधवार.

आधी स्वतःचाच राग आला. किती खुळी मी. आडनावावरून जात कळूनही बाई 'आपल्यातली' म्हणाल्या, हे खरं मानून बसले. मग बाईंचा आला, तो अजून गेलेला नाही. माझा अपमान मी गिळलाही असता, सवय आहे. पण माझी पोर चौथीत आहे, त्याच ओळीत बसून तेच खाते. तेल कडू निघालं, डाळीत काही पडलं, तर मोठ्या माणसाला आधी कळावं म्हणून तो नियम. न चाखता केलेली ती सही पोरांच्या जिवावर केलेली होती.

गुरुवारी मी एक वाटी काढली आणि टोपावर पुन्हा झाकण घातलं. वाटी बाईंसमोर नेऊन ठेवली.

"बाई, इथेच चाखा. माझ्यासमोर."

"अगं, आज माझा उपवास आहे."

"काल पण होता?"

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. गडबड ऐकून मोठे सर आले. पोरं ताटल्या वाजवायला लागली. ओळीतून माझी पोर ओरडली, "मम्मी, भूख लागी छे!" तरी हात झाकणावरच ठेवला.

बाई सरांकडे वळल्या आणि गुजरातीत म्हणाल्या, "सर, आ लोकोने माथे चडावीए ने, एटले आवुं ज थाय."

आ लोको. ही असली माणसं. डोक्यावर चढवली की असंच होणार. माझ्याशी मराठीत बोलताना 'आपल्यातली', माझ्याबद्दल गुजरातीत बोलताना 'आ लोको'. चौदा वर्षं इथे राहून मला एवढं कळणार नाही असं वाटलं त्यांना. कुत्र्यापेक्षा ते जास्त लागलं.

सरांनी वाटी उचलली, दोन घास खाल्ले. मग मी वाढलं. बाई ऑफिसात रडल्या, आणि शाळा सुटेपर्यंत भांडकुदळ मी ठरले.

सासू म्हणते, "कसाले वाद करस व? हातनी नोकरी जाई ना." जाईल कदाचित. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

उद्या दाळ-ढोकळी आहे. उद्याची सही वहीत आधीच झालेली आहे. बाईंनी माझ्यासमोर घास घेतला नाही, तर ती सही मी खोडणार. शेजारी लिहिणार, चाखलं नाही. आणि खाली माझं नाव घालणार. आडनावासकट.