उभ्या गाडीचं दार आणि दोनशे पत्रकं

आमच्या घरात भांडण तोंडानं करत नाहीत, छापून करतात. नाली तुंबली की पत्रक, रस्त्यातला खांब वाकला की पत्रक. एकदा आईनं वैतागून विचारलं, "भाजीत मीठ जास्त पडलं तर त्याचं बी काढणार का?" तेव्हा पप्पांनी खरोखर थोडा विचार केला होता. 'न' नळाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर तो निषेधाचा होता.

पप्पा निवृत्त शिक्षक. पत्रकाचे त्यांचे नियम दोन. घटना घडली त्याच दिवशी लिहायची, कारण दुसऱ्या दिवसापासून माणूस स्वतःच्या सोयीनं आठवायला लागतो. आणि बारीकसारीक सगळं लिहायचं, पण खोटं एक अक्षर नाही. "खरं लिहिलं की समोरचा गार पडतो," असं ते म्हणतात. समोर आपणच असलो तर काय, हा प्रश्न घरात कधी निघाला नव्हता.

तो काढला एका दारानं.

आमच्या पेडगावात वाचनालय व्हावं म्हणून आम्ही पत्रकं छापून घेतली होती. छापखान्यातून गठ्ठे उचलले, आणि परभणीतून बाहेर पडताना पाथरी रस्त्यावर पप्पांनी चहासाठी गाडी उभी केली. गाडी जुनी, चार मालकांच्या हातून आलेली, पण पप्पा ती उभी करतात एखादं प्रमेय सिद्ध केल्यासारखी. चाकं पांढऱ्या रेषेच्या आत, हँडब्रेक ओढलेला, मग खाली उतरून एकदा लांबून पाहणी. ते टपरीवर गेले. मी मागच्या सीटवर होते. डाव्या बाजूला गठ्ठे रचलेले, म्हणून उतरायला मोकळं दार उजवीकडचं. रस्त्याकडचं.

मला वाटलं, पत्रकं इथूनच वाटायला सुरुवात करावी. एक गठ्ठा काखेत मारला, दुसऱ्याची सुतळी सोडवता सोडवता कोपरानं दार ढकललं.

धाड!

दार माझ्या कोपरापासून निघालं ते थेट पुढच्या दाराला जाऊन चिकटलं. पाथरीला जाणारी एक जीप चार पावलांवर थांबली. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. जीपचा डावा इंडिकेटर गेला आणि आतल्या एका बाईच्या पिशवीतले टमाटे रस्त्यावर पसरले. माझी वाचनालयाची पत्रकं त्यांच्यावर जाऊन बसली.

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा माणूस, गळ्यात रुमाल. "ताई, मागं बघून उघडायचं ना दार! लय वाचल्या तुमी."

"आमची गाडी उभी होती," मी म्हणाले. "उभी! कळतं का?"

पप्पा चहाचा ग्लास हातात घेऊनच आले. "उभी गाडी कुणाला जाऊन धडकते का? हे कोणत्या शास्त्रात बसतं ते सांगा मला."

टपरीच्या बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. तो शांतपणे बोलला, "गाडी उभी व्हती, गुरुजी. दार चालायलं व्हतं."

लोक हसले. आणि मला दुसरं काही नाही, ते हसणं लागलं. मी ड्रायव्हरला सांगितलं, "तुमचं पत्रक काढते."

त्याला बहुतेक ती धमकी आहे हेच कळलं नाही. "काढा की," म्हणाला आणि टमाटे गोळा करायला वाकला.

त्याच संध्याकाळी मी लिहायला बसले. 'जाहीर निषेध! उभ्या गाडीवर जीप घालणाऱ्या बेजबाबदार वृत्तीचा!' खाली तीन मागण्या. पहिली, आमचं दार भरून द्यावं. दुसरी, त्या ड्रायव्हरला जीपवरून काढावं. तिसरी व्यवस्थेविषयी होती, ती आमच्या प्रत्येक पत्रकात असतेच. मधल्या भागात नियमाप्रमाणे बारीकसारीक सगळं. पप्पांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं, एक अनुस्वार दिला आणि म्हणाले, "जबरदस्त. हलायला जागा ठेवली नाहीस." दोनशे प्रती छापल्या. मी स्वतः जीपच्या थांब्यावर जाऊन वाटल्या, एक समोरच्या दुकानाच्या खांबाला चिकटवली. कुणीतरी फोटो काढून पाथरी लाइनच्या सगळ्या जीपवाल्यांना पाठवला.

तिसऱ्या दिवशी कळलं की जीपच्या मालकानं त्या ड्रायव्हरला उतरवलं. चावी काढून घेतली. मालकाला आमच्या पत्रकांची धास्ती होती, त्याच्या दुकानासमोरच्या अतिक्रमणावर आम्ही एकदा लिहिलं होतं. मला तो विजय वाटला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या सकाळी ड्रायव्हर आमच्या दारात उभा होता. खिशात चार घड्या घातलेलं पत्रक.

"रामराम गुरुजी. भांडायला न्हाई आलो. ताईंनी लिव्हलेलं जरा वाचून दाखवतो."

आईनं त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. फुकटचा तमाशा ती कधी सोडत नाही.

त्यानं बोट ठेवून वाचलं. "'गर्दीमुळे जीप अत्यंत मंद गतीने चालली होती. म्हणजेच ड्रायव्हरला ब्रेक दाबण्यास पुरेपूर संधी होती.' हे तुमचंच ना, ताई?"

"माझंच."

"'मी गठ्ठ्याची सुतळी सोडवीत असल्याने मान खाली होती. कोपराने दार उघडताक्षणीच जीप दारावर आली.' हे बी तुमचंच?"

मी वाकून ती ओळ पाहिली. माझीच.

"म्हंजे मी हळू चालवायलो होतो, तुमी मागं बघितलं न्हाई, आन् दार उघडलं त्याच टायमाला मी तिथं होतो. माझा कसूर कुठं लिव्हलाय तेवढं दाखवा. चौदा साल झाले जीपवर. कोंबडी मेली न्हाई माझ्या चाकाखाली."

पप्पा उठले. त्यांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आता परभणीच्या कोर्टात वकील आहे. फोन मोठ्या आवाजावर ठेवला, सगळ्यांना निकाल ऐकू यावा म्हणून.

"जयभीम सर. पत्रक वाचलं मी. मला एकच सांगा, दार किती वेळ उघडं होतं?"

"किती म्हणजे? उघडलं आणि धडकली."

"मग झालं की सर. दार आधीपासून उघडं असतं, लांबून दिसत असतं, आणि तरी जीप घातली असती, तर चूक त्याची. सुसाट आला असता तरी थोडीफार त्याच्यावर गेली असती. पण चालत्या गाडीच्या अंगावर दार उघडलं तर ती उघडणाऱ्याची चूक. मागं बघून उघडायचं, असा नियमच आहे. गाडी उभी होती याला काही अर्थ नाही."

"पण आपण कोर्टात मांडू शकतो की..."

"सर, काय मांडणार? त्याच्या बाजूचा पुरावा आपणच छापलाय. दोनशे प्रती."

आई उंबऱ्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी काम झालं तुमच्या पत्रकानं," ती म्हणाली.

पप्पांनी आजवर एकही पत्रक मागे घेतलेलं नाही. ते म्हणाले, "मालकाकडे जाऊन तोंडी सांगू." मी म्हणाले, "नाव घालवलं छापून, आणि परत द्यायचं कुजबुजून? हे कुठलं तत्त्व?" त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. हे वाक्य त्यांचंच होतं, दुसऱ्या कुणावर तरी वापरलेलं.

दुसरं पत्रक मी ड्रायव्हरसमोरच लिहिलं. पहिल्या खर्ड्यात श्रमिक आणि पांढरपेशी मुजोरी वगैरे बरंच आलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, ते मोठं मोठं काढून टाका. दार तुमी उघडलं, बघितलं न्हाई, एवढंच लिवा. मालक जास्त वाचत न्हाई." मी काढलं. माझं सगळ्यात छोटं पत्रक ते. चार ओळी, मागणी एकच: त्यांची चावी त्यांना द्यावी.

थांब्यावर वाटायला गेले तर कुणी घेईना. पहिलं सगळ्यांनी वाचलं होतं, दुसऱ्यात मजा काय. मालक थांब्यासमोरच्या आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून फोन बघत होता. शेवटी मी जीपच्या पायरीवर चढले आणि मोठ्यानं वाचलं. चार ओळी वाचायला इतका वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, उतरताना मागं बघा!"

मालकानं खिशातून चावी काढली, ड्रायव्हरकडे फेकली. "घे बाबा. नसता माझ्यावरच पत्रक काढतील."

आमच्या गाडीला आता भंगारातून आणलेलं निळं दार आहे, गाडी पांढरी. लांबूनच ओळखू येते. त्या टपरीपाशी ती उभी दिसली की पाथरीची ती जीप शंभर पावलं आधीपासून हॉर्न वाजवत येते, थेट गाडी ओलांडेपर्यंत. गाडीत कुणी नसलं तरी.