घाटंजीच्या ओट्यावर, कोंबडीचं पीस

कोंबडीच्या पिसाचं टोक मी सुंदीच्या कोपराखाली टेकवलं. तिच्या डोळ्यांवर माझा रुमाल बांधलेला. तिनं झटकन बोट तिथंच ठेवलं... बरोबर! ओट्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साठ-एकसष्टचं साल असावं. घाटंजीचा बाजार आठवड्यातून एकदा भरायचा. बाकीचे दिवस त्या मोकळ्या ओट्यांवर माणसं राहायची... घर नसलेली. बाजाराच्या दिवशी बोचकी उचलून निघून जायची, संध्याकाळी परत यायची.

मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो आणि महारोगाच्या तपासणीत एका डॉक्टरांच्या हाताखाली तात्पुरता लागलो होतो. काम सोपं. अंगावर फिकट डाग दिसला की तिथं पीस टेकवायचं. कळलं तर ठीक. न कळलं तर रोग आहे. लवकर सापडला तर गोळ्यांनी जातो, उशिरा सापडला तर बोटं जातात.

पण ओट्यावरचं कुणी अंगाला हात लावू देईना. ज्याला रोग निघेल त्याला गाडीत घालून नेतात, अशी बातमी आमच्या आधी पोचलेली.

म्हणून मी खेळ काढला. डोळे बांधायचे, पीस कुठं टेकलं ते बोटानं दाखवायचं. ज्याची सगळी ठिकाणं बरोबर तो जिंकला. बक्षीस काही नाही, फक्त टाळ्या... आणि रांग लागली! ओट्यावरचा सगळ्यांत जुना माणूस दुलबा. पहिला डाव खेळून तो आपणहून पंच झाला. "ए, हालू नोको बे! साहेबाचं पीस मोडन!"

सुंदी आठेक वर्षांची. तिची आई झमकू तांड्यावरची. नवरा कापसाच्या जिनात कामाला म्हणून गेला तो परतला नाही, तेव्हापासून मायलेकी ओट्यावर. झमकूच्या हातात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्या. ती पोरीसमोर बसून टक लावून पाहत होती.

सुंदीच्या हातावर लिंबाएवढा फिकट डाग होता. त्यावर मी पुन्हा पुन्हा पीस टेकवलं. प्रत्येक वेळी तिनं बरोबर दाखवलं. डॉक्टरांनी मान हलवली... काही नाही, पुढचा घ्या.

सुंदी उठेना. "अजून एक डाव!" जिंकण्याची चटक लागली होती तिला.

तेवढ्यात दुलबानं झमकूपुढं तंबाखू धरली. ती खाली मान घालून चुना लावू लागली. मी पीस डागावर टेकवलं.

सुंदीचं बोट हललं नाही. मान पुढं काढून वाट पाहत राहिली.

"टेकवा नं साहेब... कवापासून थांबून राह्यली मी!"

पीस टेकलेलंच होतं.

झमकूनं वर पाहिलं आणि तिचा हात दचकून हलला. बांगड्या वाजल्या. त्यासरशी सुंदीचं बोट डागावर. "इथी!"

एकानं टाळी वाजवली. मग त्यालाही कळलं आणि तो थांबला. डागावर पीस आलं की बांगड्या वाजवायच्या, असं मायलेकींचं ठरलेलं होतं.

झमकूनं तंबाखू खाली टाकली. "पोरीले न्याचं असन तं मलेबी न्या, साहेब. एकटीले नोको."

डॉक्टर तिच्या शेजारी ओट्यावरच बसले. सुंदीची बोटं एकेक करून वाकवून पाहिली, मूठ आवळायला लावली. आणि एकदम मोठ्यानं हसले! "सगळी शाबूत आहेत... अहो, किती लवकर सापडलं!" मीही हसू लागलो.

दुलबा चिडला. "डॉक्टरसाब, बाईची पोरगी बिमार अन् तुमी हासून काहून राह्यले?"

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कुणाला कुठं नेणार नाही. पोर आईजवळच झोपेल. दर बाजाराच्या दिवशी दवाखान्यातून गोळ्या न्यायच्या, बराच काळ न्यायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत. पहिली गोळी उद्या सकाळी.

झमकूनं सुंदीला जवळ ओढलं. ओट्यावरची माणसं जरा मागं सरकली. ती माणसं आता हिला इथं राहू देतील का, हे मला कळत नव्हतं.

दुलबा उठला. सदरा काढला आणि सुंदीला खेटून बसला.

"मले पुन्यांदा पाहा. दंडावर एक जागा हाये. तिथी म्या अंदाजानंच बोट ठेवलं होतं."

"अंदाजानं?"

"मंग? पंच हारला तं कसं दिसन!"

सुंदीच आधी हसली. मग सगळे. दुलबाला दंडावरच्या डागावर पीस खरंच कळेना. त्यानं एक शिवी हासडली आणि विचारलं, "पोरीच्या संगं मलेबी गोळी भेटन नं?" पाठोपाठ चारपाच जण पुढं सरकले... त्यांनाही पुन्हा तपासून हवं होतं. या वेळी खरं खरं.

परतताना डॉक्टर आणि मी जवळजवळ धावत होतो. बोलणं संपत नव्हतं. पण वळणावरून मागं पाहिलं तर झमकू बोचकं बांधत होती. तिला अडवेल असं तिथं काहीच नव्हतं. दार नाही, पत्ता नाही. तांडा कुठल्या दिशेला, तेही मी विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला गेलो तेव्हा झमकू पायरीवर बसली होती. बोचकं मांडीवर, शेजारी सुंदी. सुंदीनं पाण्याबरोबर गोळी घेतली, आणि दोघी ओट्याकडे परत गेल्या.